यंत्रागणिक गुरुत्वाकर्षण

१९९६ साली निन्टेन्डो ६४ या जपानी गेम कन्सोलबरोबर ‘सुपर मारिओ ६४’ हा खेळ बाजारात आला. त्यातल्या एका टप्प्यात उकळत्या लाव्हारसावर काही फळ्या संथपणे वरखाली होत असतात. मूळ यंत्रावर त्यांच्याकडे कितीही वेळ पाहत बसले, तरी त्या हेलकावा घेऊन पुन्हा जागच्या जागी येतात. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच कंपनीच्या ‘वी’ या नव्या कन्सोलवर हा जुना खेळ विकत मिळू लागला. खेळ तोच, प्रोग्रॅमही तोच. पण इथे त्या फळ्या दर हेलकाव्यागणिक किंचित वर सरकतात. यंत्र चालू ठेवून सुमारे तीन दिवस वाट पाहिली, तर त्या इतक्या वर येतात की मारिओला उडी न मारता पुढे जाता येते. उडीचे बटण कमीत कमी वेळा दाबून हा खेळ पुरा करण्याचा छंद असलेले काही खेळाडू जगभर आहेत. त्यांनी ही गोष्ट हेरली आणि तिचा उपयोगही करून घेतला.

फळ्या वर का सरकतात, याचे उत्तर अगदी साध्या अंकगणितात आहे. संगणक अपूर्णांक ठरावीक अंकांपर्यंतच साठवू शकतो. पुढची शेपटी त्याला कापावी लागते. ती कापण्याच्या रीती दोन: सर्वांत जवळच्या आकड्यावर जाणे, किंवा उरलेला भाग सरळ छाटून शून्याच्या दिशेने येणे. निन्टेन्डो ६४ चा प्रोसेसर पहिल्या रीतीने हिशेब करत होता. वीवर जुन्या यंत्राची नक्कल करण्यासाठी जो प्रोग्रॅम – म्हणजे एम्युलेटर – लिहिला गेला, तो या एका ठिकाणी दुसऱ्या रीतीने हिशेब करतो. फळ्या खेळाच्या शून्यपातळीच्या खाली आहेत, म्हणून त्यांच्यासाठी ‘शून्याच्या दिशेने’ म्हणजे ‘वर’. एकेका चौकटीतली चूक केसाहून बारीक. पण हा खेळ सेकंदाला ३० चौकटी दाखवतो आणि तीन दिवसांत ७७ लाखांहून अधिक चौकटी होतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसे हे तळे उलट्या दिशेने साचत गेले.

न्यूटनचे नियम पुण्यात आणि पॅरिसमध्ये सारखेच लागू पडतात. खेळातल्या जगाचे नियम मात्र ते जग ज्या यंत्रावर चालते, त्या यंत्राच्या कुवतीने आणि सवयींनी ठरतात. वस्तू कशी पडावी, आपटावी, घसरावी, कलंडावी याचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘फिजिक्स इंजिन’ म्हणतात. व्हिडिओ गेमचा इतिहास बहुतेक वेळा उत्तरोत्तर सुंदर होत गेलेल्या चित्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या लेखात तो वेगळ्या बाजूने पाहायचा आहे: यंत्रांनी खेळांना कोणते गुरुत्वाकर्षण परवडू दिले, आणि यंत्रे बदलली तेव्हा त्या गुरुत्वाकर्षणाचे काय झाले.

अखंड वेळ आणि तुकड्यांची वेळ

या इतिहासाची सुरुवात एका भौतिकीच्या प्रयोगशाळेतच झाली, हा योगायोग म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दरवर्षी सामान्य लोकांना बोलावून काम दाखवले जाई. १९५८ च्या ऑक्टोबरात अशाच पाहुण्यांच्या करमणुकीसाठी विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ‘टेनिस फॉर टू’ हा खेळ मांडला. हा गृहस्थ महायुद्धाच्या काळात अणुबॉम्बच्या प्रकल्पात इलेक्ट्रॉनिक्सचे काम केलेला. प्रयोगशाळेतला लहान संगणक अ‍ॅनालॉग जातीचा होता. त्यात चेंडूची जागा आकड्याने लिहिलेली नसे. विजेचा दाब हीच चेंडूची जागा. दाब हळूहळू बदलला की ऑसिलोस्कोपच्या पाच इंची पडद्यावर ठिपका वळणदार वाटेने जाळ्यावरून पलीकडे जाई. पुढच्या वर्षी पडदा मोठा झाला आणि चंद्रावरचे किंवा गुरू ग्रहावरचे गुरुत्वाकर्षण निवडून खेळण्याची सोयही आली.

या पहिल्या खेळात वेळेचे तुकडे नव्हते. वीज अखंड वाहत होती, म्हणून चेंडूची गतीही अखंड होती. डिजिटल संगणक आले तेव्हा हे सुख संपले. डिजिटल यंत्र जगाकडे सतत पाहत नाही. ते डोळे मिचकावत पाहते. एका मिचकावणीत वस्तूची जागा काढायची, वेगात थोडा बदल करायचा, पुढच्या मिचकावणीला पुन्हा तेच. सेकंदाला ३० मीटर वेगाने जाणारा चेंडू सेकंदाला ३० वेळाच पाहिला, तर दोन पाहण्यांच्या मध्ये तो एक मीटर सरकलेला असतो. वाटेत १० सेंटीमीटर जाडीची भिंत असेल, तर आधीच्या क्षणी चेंडू भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या क्षणी पलीकडे. यंत्राच्या लेखी टक्कर झालीच नाही. भिंतीतून आरपार जाण्याचे हे भूत आजतागायत पुरते गाडले गेलेले नाही.

१९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ तयार केला. मध्यभागी एक तारा, त्याच्याभोवती दोन अवकाशयाने आणि एकमेकांवर डागायचे टॉर्पेडो. ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्सने बसवले. पीडीपी-१ सेकंदाला सुमारे एक लाख बेरजा करू शके. त्या काळी हा वेग फार मोठा. तरी दोन याने, सगळे टॉर्पेडो आणि पार्श्वभूमीचे तारे हे सारे त्यात बसेना. तेव्हा तडजोड झाली. यानांना ताऱ्याची ओढ लागली आणि टॉर्पेडोंना त्यातून सूट मिळाली. एकाच विश्वात दोन कायदे, आणि कारण एकच: यंत्राला वेळ पुरत नाही. पुढच्या साठ वर्षांतली बहुतेक खेळभौतिकी याच तडजोडीच्या वंशातली आहे.

यंत्राचा थकवा हाच नियम

कधीकधी यंत्राच्या दुबळेपणातूनच खेळाचा प्राण तयार झाला. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हे त्याचे ठळक उदाहरण. जपानच्या टायटो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो यांनी इंटेल ८०८० प्रोसेसरवर तो बनवला. सुरुवातीला पडद्यावर ५५ शत्रू असतात आणि त्यांना हलवता हलवता प्रोसेसरची दमछाक होते, म्हणून सैन्य सावकाश सरकते. खेळाडू एकेक शत्रू टिपत जातो तसे काम हलके होते आणि उरलेले शत्रू अधिकाधिक वेगाने चालून येतात. निशिकादोंनी ही उणीव काढून टाकली नाही. तिच्यातला थरार ओळखून ती ठेवली. पुढे हा खेळ अधिक चपळ यंत्रांवर न्यायचा झाला, तेव्हा मूळ यंत्राचा थकवा मुद्दाम प्रोग्रॅममध्ये लिहावा लागणार हे उघडच होते.

थकव्याखेरीज आणखी एक गोष्ट खेळाचा वेग ठरवत होती. ती खेळाच्या यंत्रातही नव्हती; ती दिवाणखान्यातल्या टीव्हीत होती. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवत. युरोपातले पाल पद्धतीचे टीव्ही ५० वेळा. आपल्या दूरदर्शननेही पाल पद्धतच स्वीकारली होती. त्या काळचे खेळ हिशेब सेकंदांत करत नसत, चौकटींत करत. ‘दर चौकटीला उडीचा वेग इतका कमी कर’ एवढेच प्रोग्रॅमला ठाऊक. असा खेळ दुरुस्ती न करता ५० चौकटींच्या टीव्हीवर चालवला की सारे काही १७ टक्के मंद होई. १९९१ मध्ये सेगाचा ‘सॉनिक’ युरोपात पोचला, तो या मंदावलेल्या चालीने. वेग हेच ज्याचे वैशिष्ट्य, त्या पात्राची तिथल्या मुलांशी ओळख झाली ती अशी रेंगाळत.

याचा भौतिकीतला अर्थ पाहण्यासारखा आहे. उडीची उंची तेवढीच राहते, पण वर जाऊन खाली यायला १.२ पट वेळ लागतो. उंची तीच आणि वेळ १.२ पट, म्हणजे गुरुत्वाकर्षण १.४४ पटींनी कमी. टोकियोतल्या मुलाच्या खेळात जे गुरुत्वाकर्षण १०० होते, ते ५० चौकटींच्या पडद्यासमोर बसलेल्या मुलासाठी ६९ झाले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेट खोचून टीव्हीला जोडायचे जे डबे आले आणि ज्यांना घरोघर नुसते ‘व्हिडिओगेम’ म्हटले जाई, ते निन्टेन्डोच्या आठ बिटी यंत्राच्या नकला होते. त्यांतला जो डबा सेकंदाला ५० चौकटी काढी, त्यावरचा मारिओ जपानी मारिओपेक्षा हवेत जास्त वेळ तरंगे. सुट्टीत त्या डब्यापुढे वाढलेल्या मुलांच्या बोटांना बसलेली सवय ही त्याच उडीची सवय. पुढे कधी मूळ खेळ हाती आला, तर त्यांना तोच घाईचा वाटला असता.

पैशांतला हिशेब आणि डुचमळणाऱ्या भिंती

१९९४ च्या डिसेंबरात सोनीने जपानमध्ये प्लेस्टेशन विक्रीला आणले. घरातल्या टीव्हीवर त्रिमिती जग उभे करण्याची धमक त्यात होती, पण त्याच्या प्रोसेसरला अपूर्णांकांचा हिशेब करणारा वेगळा भागच नव्हता. त्यावर जुना दुकानदारी उपाय होता. वाणी साडेबारा रुपये न लिहिता १२५० पैसे लिहितो, म्हणजे अपूर्णांक टळतो. प्लेस्टेशनचे सगळे जग असे ‘पैशांत’ मोजले जाई. पण पैशाहून लहान नाणे नाही, ही त्यातली गोम. त्रिमिती वस्तूचा कोपरा पडद्यावर येताना जवळच्या पूर्ण ठिपक्यावर ओढला जाई. कॅमेरा हळूच सरकला की कोपरे एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर टुणकन उडी मारत. भिंतीवर चढवलेले चित्रही खोलीचा विचार न करता ताणले जाई. म्हणून त्या यंत्रावरच्या भिंती आणि जमिनी पाण्यावर ठेवल्यासारख्या डुचमळतात.

दीड वर्षाने आलेल्या निन्टेन्डो ६४ मध्ये अपूर्णांकांचा हिशेब प्रोसेसरमध्येच होता. मारिओची उडी, उतारावरची घसरण, गर्रकन वळल्यावर पायांना लागणारा ब्रेक यांत जी लवचीकता आहे, ती या सोयीच्या आधारावर उभी आहे. त्याच सोयीतल्या शेपटी कापण्याच्या नियमाने दहा वर्षांनी फळ्या वर सरकवल्या, हे आपण पाहिलेच. प्लेस्टेशनच्या डुचमळण्याकडे त्या वेळी दोष म्हणून पाहिले गेले. आज काही तरुण खेळकर्ते शक्तिमान यंत्रांवर तेच डुचमळणे मुद्दाम कष्टाने घडवतात, कारण त्यांच्या बालपणीचे जग तसेच हलत होते.

पडलेला खेळ आणि उभे राहिलेले यंत्र

खेळाच्या जगात सर्वच वस्तूंना एकच भौतिकी लावावी, ही महत्त्वाकांक्षा सर्वांत स्पष्टपणे मांडली ती सीमस ब्लॅकली याने. तोही भौतिकशास्त्राचा विद्यार्थी; फर्मीलॅबमध्ये काम केलेला. १९९३ मध्ये अमेरिकन संसदेने महाकाय कणत्वरकाचा प्रकल्प रद्द केला आणि पुष्कळ तरुण भौतिकशास्त्रज्ञांच्या वाटा बदलल्या. ब्लॅकली खेळांकडे वळला. ‘फ्लाइट अनलिमिटेड’ या विमानाच्या खेळात त्याने हवेच्या प्रवाहाचे गणित आणले. नंतर ड्रीमवर्क्स इंटरअ‍ॅक्टिव्हमध्ये त्याने ‘जुरासिक पार्क : ट्रेसपासर’ हाती घेतला. बेटावरचा प्रत्येक दगड, फळी, पिंप उचलता येईल, फेकता येईल, एकावर एक रचता येईल. डायनोसॉरची चालदेखील आधी काढून ठेवलेल्या चित्रांतून न येता त्याच्या हाडामासाच्या हिशेबातून येईल, असा बेत होता.

१९९८ च्या ऑक्टोबरात खेळ आला आणि सपशेल पडला. त्या काळच्या घरगुती संगणकांना त्याचा भार पेलवला नाही. पेट्या एकमेकींत रुतत, थरथरत, रचलेला ढीग ढासळे. डायनोसॉर झिंगल्यासारखे चालत. वेळ वाचवण्यासाठी प्रत्येक वस्तूला हिशेबात चौकोनी खोक्याचे रूप दिले होते, पण तेवढे पुरले नाही. समीक्षकांनी त्याला त्या वर्षीच्या सर्वांत वाईट खेळांत बसवले.

पुढची गोष्ट खरी मोलाची आहे. ज्याचा खेळ यंत्राअभावी पडला, तो माणूस मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि एक्सबॉक्स या नव्या कन्सोलच्या मूळ चार-पाच जनकांपैकी एक झाला. २००१ च्या नोव्हेंबरात निघालेल्या त्या यंत्रात ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर आणि ६४ एमबी मेमरी होती. चार वर्षांनी ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ त्या यंत्रावर आला. त्यात तिरक्या फळीच्या एका टोकावर सिमेंटचे ठोकळे ठेवून दुसरे टोक उचलायचे आणि वर चढायचे, असे एक कोडे आहे. तरफेचा हा शाळकरी नियम ‘ट्रेसपासर’ला पेलला नव्हता, इथे तो दिवाणखान्यातल्या डब्यावर चालला.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिली डेन्मार्कमध्ये. ‘हिटमॅन : कोडनेम ४७’ (२०००) या खेळासाठी थॉमस याकोबसेनने मेलेल्या माणसाचे कोसळणारे शरीर बिंदू आणि काठ्यांचे मानले. प्रत्येक बिंदूची आत्ताची जागा आणि आधीची जागा एवढेच लक्षात ठेवायचे. वेग वेगळा लिहायचाच नाही. ही रीत लू व्हेर्ले या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने १९६७ मध्ये रेणूंच्या हालचाली काढण्यासाठी ती वापरली होती. काठ्यांची लांबी कायम राहावी म्हणून त्या पुन्हा पुन्हा दुरुस्त कराव्या लागतात. किती वेळा, ते यंत्राला परवडेल तितक्या वेळा. फेऱ्या जास्त झाल्या की हाड ताठ राहते. कमी झाल्या की ते रबरासारखे ताणते. म्हणजे हाडाचा टणकपणासुद्धा प्रोसेसरच्या हाती.

दुसरी गोष्ट आयर्लंडमधली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परिसरात ह्यू रेनल्ड्स आणि स्टीव्हन कॉलिन्स यांनी १९९८ मध्ये हॅवॉक ही कंपनी काढली. तिचा माल एकच: तयार भौतिकी. प्रत्येक खेळकर्त्याने न्यूटन पुन्हा नव्याने लिहायची गरज नाही. आमच्याकडून घ्या, आम्ही तो तुमच्या प्रत्येक यंत्रावर चालवून देऊ. ‘हाफ-लाइफ २’ ने हॅवॉकच वापरले, आणि त्यानंतर शेकडो खेळांनी. यंत्रायंत्रांतला फरक सांभाळणे हा तेव्हापासून एक स्वतंत्र धंदा झाला. २००७ मध्ये ही कंपनी इंटेलने आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली, यावरून त्या धंद्याचे मोल कळते.

तीन आचारी आणि सहा खोल्या

या धंद्याची कसोटी लागली ती २००५-०६ मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० मध्ये ३.२ गिगाहर्ट्झचे तीन सारखे गाभे होते आणि सर्वांना मिळून ५१२ एमबी मेमरी. सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेला सेल हा प्रोसेसर होता. वेग तोच ३.२ गिगाहर्ट्झ, पण मांडणी सर्वस्वी निराळी: एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली गणितात तरबेज असलेले लहान गाभे. त्यांतले सात चालू. सातातला एक यंत्रणेसाठी राखीव. खेळासाठी उरले सहा.

लग्नघरातल्या स्वयंपाकाची उपमा दिली तर फरक चटकन ध्यानात येईल. एक्सबॉक्स ३६० म्हणजे एका मोठ्या मुदपाकखान्यात तीन आचारी. हात पुढे केला की कोणतेही सामान कोणालाही मिळते. प्लेस्टेशन ३ म्हणजे एक मुख्य आचारी आणि सहा बंद खोल्यांत सहा चपळ मदतनीस. प्रत्येक खोलीत फक्त २५६ केबी जागा; तीतच पाककृतीही ठेवायची आणि भाजीही. सामान आधी कोठारातून मागवायचे, चिरून झाले की परत पाठवायचे, आणि ते येईतो हात रिकामे राहू नयेत म्हणून पुढचे सामान आधीच सांगून ठेवायचे. ज्याला ही शिस्त जमली, त्याचा स्वयंपाक झपाट्याने झाला. ज्याने तीन आचाऱ्यांची पद्धत जशीच्या तशी इथे आणली, त्याच्याकडे सहाही खोल्या बसून राहिल्या आणि मुख्य आचारी एकटा घामाघूम झाला. त्या काळातले अनेक खेळ दोन्ही यंत्रांवर निघाले आणि प्लेस्टेशन ३ वर अडखळले, त्याचे एक मोठे कारण हे.

शिवाय हिशेबाच्या रीतीतही फरक होता. सेलचे लहान गाभे साध्या अपूर्णांकांची शेपटी नेहमी छाटून टाकत. जवळच्या आकड्यावर जाण्याची सोय वेगासाठी गाळली होती. त्याआधीच्या प्लेस्टेशन २ मध्येही छाटण्याचीच रीत होती. दोन्ही यंत्रांवर एकच ढीग एकाच क्षणी ढकलला, तर पहिल्या सेकंदाला फरक दिसणार नाही. पण टकरीवर टकरी होत गेल्या की विटा वेगवेगळ्या जागी विसावतील. खेळकर्त्यांना यामुळे एक शहाणपण शिकावे लागले: ज्या गोष्टीवर खेळाचा निकाल अवलंबून आहे, ती विटांच्या विसावण्यावर सोडायची नाही.

हेच शहाणपण भौतिकीसाठी निघालेल्या खास कार्डाला भोवले. एजिया कंपनीने २००६ मध्ये संगणकात बसवायचे ‘फिजएक्स’ कार्ड विकायला काढले. पण ते सर्वांकडे असणार नाही हे माहीत असताना कोणता खेळकर्ता आपला खेळ त्यावर बेतेल? मग कार्डाच्या वाट्याला आल्या उडणाऱ्या काचा, फडफडणारी कापडे, जास्तीचा धुरळा. शोभा वाढली, खेळ तोच राहिला. २००८ मध्ये एनव्हिडियाने एजिया विकत घेतली आणि ते काम आपल्या चित्रकार्डांवर हलवले. कन्सोलची ताकद संगणकाहून कमी असली तरी त्याच्याकडे एक गोष्ट होती: एका कन्सोलवरचे गुरुत्वाकर्षण त्या जातीच्या सगळ्या कन्सोलवर सारखे असे. खेळकर्ता त्यावर विसंबू शके.

पुढे सरकलेला पाय

२०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दोन आठवड्यांच्या आत बाजारात आले. दोन्हींत एएमडीचे आठ गाभे, दोन्हींत आठ जीबी मेमरी, दोन्ही आतून घरगुती संगणकाचे चुलतभाऊ. बंद खोल्यांचे युग संपले. आता तरी सर्वत्र एकच न्यूटन नांदेल असे वाटावे, पण फरक नव्या वाटांनी आत येत राहिले.

२०१४ चा ‘डार्क सोल्स २’ घ्या. जुन्या कन्सोलांवर तो ३० चौकटींनी चाले, संगणकावर ६०. तलवार शरीराला किंवा भिंतीला लागून राहिली की दर चौकटीला तिची झीज मोजली जाई. परिणामी संगणकावर खेळणाऱ्याची तलवार दुप्पट वेगाने झिजे. युरोपातल्या मंद सॉनिकचाच हा उलटा अवतार. ही चूक २०१५ मध्ये दुरुस्त झाली. यावरचा पक्का उपाय जुनाच आहे: चित्रे हवी तितक्या वेगाने काढा, पण भौतिकीची पावले घड्याळाशी बांधून ठेवा. ‘रॉकेट लीग’ (२०१५) या मोटारींच्या फुटबॉलमध्ये भौतिकी सेकंदाला नेमक्या १२० पावलांनी चालते. निरनिराळ्या यंत्रांवरचे खेळाडू एकाच सामन्यात असले, तरी चेंडू नेमका कुठे आहे याचा अखेरचा निवाडा दूरचा सर्व्हर करतो. वेगवेगळे हिशेब मांडणाऱ्या यंत्रांमध्ये पंच नेमावा लागला.

सर्वांत बोलका किस्सा टॉम फोर्सिथ या प्रोग्रॅमरने सांगितलेला आहे. २०१३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीत तो ‘हाफ-लाइफ २’ डोळ्यांवर चढवायच्या आभासी-वास्तव यंत्रासाठी तयार करत होता. खेळाच्या सुरुवातीला एक पहारेकरी दार उघडून आपल्याला आत घेतो. नव्याने तयार केलेल्या खेळात ते दार उघडेचना आणि खेळ तिथेच अडे. गंमत अशी की मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा काढून पुन्हा तयार केला, तरी दार अडकलेलेच. आणि २००४ मध्ये तर लाखो लोक त्याच दारातून गेले होते. शोध घेता उलगडले ते असे: पहारेकऱ्याच्या पायाचा पुढचा भाग पहिल्यापासूनच दाराच्या वाटेत किंचित आलेला होता. २००४ मध्ये प्रोसेसरचा जुना गणिती भाग ८० बिटांपर्यंत हिशेब करी. त्या हिशेबात दार पायाला लागले की पहारेकरी केसभर वळे आणि दार सुटे. नव्या काळातला गणिती भाग वेगळ्या अचूकतेने हिशेब करी. त्या हिशेबात तो पुरेसा वळत नसे. दार पुन्हा आपटून मागे येई आणि बंद होई. प्रोग्रॅमच्या एकाही अक्षराला हात न लावता, केवळ यंत्राची मोजण्याची तऱ्हा बदलल्याने, एक चालू जग बंद पडले होते.

काय जपायचे?

ही सगळी कथा आता इतिहास म्हणून कोणी जपायची, हा प्रश्न उरतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ते खेळायचे तर जुने यंत्र शोधायचे, नाही तर एम्युलेटरकडे जायचे. जुन्या यंत्रांचे सुटे भाग संपत चालले आहेत, तेव्हा दीर्घकाळात एम्युलेटर हाच आधार.

पुस्तक जपताना अक्षरे जपली की बरेच काही साधते. खेळाची गोष्ट ध्वनिमुद्रणाच्या जवळची आहे. जुन्या नाट्यसंगीताची ७८ फेऱ्यांची तबकडी किंचित वेगळ्या गतीने वाजली की गायकाची पट्टीच बदलते. मूकपट आजच्या २४ चौकटींनी दाखवला की त्यातली माणसे लगबगीने पळू लागतात. दोन्हीकडे मूळ वस्तू हाती असते आणि तरी ती हरवलेली असते. खेळाचा प्रोग्रॅम हातात असणे म्हणजे नुसती तबकडी हातात असणे. ती कोणत्या गतीने फिरत होती, हे ज्या यंत्राला ठाऊक होते ते गेले, की मारिओची उडी किती काळाची, हाड किती टणक, दार उघडते की नाही, याला पुरावा उरत नाही. म्हणूनच प्लेस्टेशन २ ची नक्कल करणाऱ्या हौशी प्रोग्रॅमरांनी त्या यंत्राचे शेपटी छाटण्याचे नियमसुद्धा तपासून लिहून ठेवले आहेत. या कामाला ना मानधन, ना पुरस्कार. आणि त्याच्याशिवाय उद्याच्या इतिहासकाराच्या हाती काहीच खरे लागणार नाही.

वीचे ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाले. त्यानंतर वीवर तो जुना मारिओ नव्याने विकत घेता येत नाही. ज्या कन्सोलांवर तो आधीच उतरवून घेतलेला आहे, तेवढ्यांतच त्या फळ्या अजून वर सरकतात. एका चुकीच्या हिशेबातून जन्मलेले, पण हजारो जणांनी प्रत्यक्ष खेळलेले ते जग आहे. ते जपायचे की ‘दुरुस्त’ करायचे, याचा निर्णय एखाद्या अभिलेखागाराला आज ना उद्या घ्यावा लागेल. तो घेताना एवढे ध्यानात असावे की मूळ यंत्रावर स्थिर असलेली फळी आणि वीवर वर येणारी फळी, या दोन्ही नोंदी एकाच इतिहासाच्या आहेत.